श्रावण अधिक की निज? गरोदरपणातील पहिल्या सोनोग्राफीची वेळ

कोरडवाहू_मास्तर

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. वैद्यकीय क्षेत्राशी माझा संबंध नाही, परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले ते अजून मनातून जात नाही, आणि आमच्या भागातील इतर घरांतही ते घडत असावे असे वाटते, म्हणून हा धागा काढतो आहे.

माझ्या पुतण्याची बायको पहिलटकरीण होती. कापसाची वेचणी सुरू होती, मुलीची तब्येत चांगली होती, त्यामुळे सोनोग्राफीची घाई कोणालाच वाटली नाही. पहिली सोनोग्राफी मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात झाली. माता बाल संरक्षण कार्डावरील पाळीच्या तारखेप्रमाणे तेहतीस आठवडे पूर्ण झाले होते आणि रिपोर्टमध्ये अठ्ठावीस आठवडे व काही दिवस असे लिहून आले. केंद्रावर कोणीतरी सांगितले, ‘बाळ चार आठवड्यांनी मागे आहे, नागपूरला दाखवा.’

त्या पंधरा दिवसांत त्या मुलीचे काय झाले ते मी पाहिले आहे. शेजारच्या बायांनी तिच्या खाण्याचा हिशेब काढला, कोणी पपईवर संशय घेतला, कोणी वावरातल्या कामाला दोष दिला. ती रात्री दोन भाकरी बळेबळे खायची आणि मागल्या दारी जाऊन ओकायची.

गुंता सोडवला तो उपकेंद्राच्या सिस्टरबाईंनी. त्यांनी कार्ड हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, ‘श्रावण लागला त्या दिवशी पाळी आली म्हणतेस, तो कोणता श्रावण?’ २०२३ साली श्रावण दोन होते. अधिक श्रावण १८ जुलैला लागला आणि निज श्रावण १७ ऑगस्टला. कार्डावर १८ जुलै लिहिले गेले होते. मुलगी म्हणाली, ‘सोमवार धरले तो श्रावण.’ म्हणजे निज. तीस दिवसांचा फरक एका शब्दात मिटला. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा बाळ बरोबर दोन आठवड्यांनी पुढे गेले होते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात बाळंतपण सुखरूप झाले आणि मुलगी पावणेतीन किलोची झाली.

आता जाणकारांना माझे काही प्रश्न आहेत. यंत्राला आठवडे कळतात कसे? उशिरा केलेल्या एकाच सोनोग्राफीवर किती विसंबावे? आणि पैसे व गाडीभाडे यांचा विचार करता खेड्यातल्या बाईने कोणती तपासणी काही झाले तरी चुकवू नये?

सूतिका

मास्तर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते. मी वर्धा जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि ज्या बाईला दोनच सोनोग्राफी करणे शक्य आहे तिला मी सांगते की पहिली तिसरा महिना संपण्याआधी कर आणि दुसरी साडेचार ते पाच महिन्यांच्या दरम्यान कर. आपल्याकडे नेमके उलटे होते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की माहेरी जाण्याआधी ‘एकदा सोनोग्राफी करून घेऊ’ असे घरात ठरते, आणि तोवर त्या यंत्राला सर्वांत खात्रीने सांगता येणारी गोष्ट हातची गेलेली असते.

यंत्राला तारीख कळत नाही, फक्त लांबी कळते. पहिल्या तीन महिन्यांत आपण बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतो, जिला रिपोर्टमध्ये सीआरएल म्हणतात. बारा आठवडे पूर्ण झालेल्या बाळाची ही लांबी सुमारे ५४ मिलिमीटर असते. या काळात सधन घरचे बाळ आणि मजुरी करणाऱ्या बाईचे बाळ जवळजवळ एकाच गतीने वाढते, आईबापांच्या उंचीचा किंवा आईच्या खाण्याचा फरक अजून त्या लांबीत उतरलेला नसतो, आणि म्हणून लांबीवरून काढलेले वय पाच ते सात दिवसांच्या आत बरोबर येते. पाळीची तारीख आणि ही तारीख यांत सात दिवसांहून अधिक अंतर पडले, तर आम्ही सोनोग्राफीची तारीख धरतो.

पुढे मात्र प्रत्येक बाळ आपापल्या वाटेने वाढू लागते. मग आम्ही डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी अशी चार मापे घेतो व यंत्र त्यांची तक्त्याशी तुलना करून प्रत्येकासमोर आठवडे लिहिते. पाचव्या महिन्याच्या सुमारास यातली चूक दहा ते चौदा दिवसांची असू शकते आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर ती तीन आठवड्यांपर्यंत जाते. आठव्या महिन्यातील पहिल्याच सोनोग्राफीवरून बाळाचे वय ठरवणे म्हणजे उंची पाहून शाळेतल्या मुलाची जन्मतारीख सांगण्यासारखे आहे. पहिलीच्या वर्गात अंदाज बराच जमतो, दहावीच्या वर्गात एकाच बाकावरची दोन मुले वीतभर लहानमोठी असतात.

तुमच्या घरी जे झाले त्यात म्हणूनच दोन शक्यता होत्या. तारीख चुकलेली असू शकत होती, किंवा तारीख बरोबर असून बाळाची वाढ खरोखरच खुंटलेली असू शकत होती. एका रिपोर्टवरून या दोन्हींत फरक करणे अवघड असते. आम्ही तेव्हा तीन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे पोटाचा घेर. वारेतून पुरेसे रक्त येत नसेल तर बाळ मेंदूकडचा पुरवठा राखते आणि यकृतातला साठा वापरते, त्यामुळे बहुधा डोके ठीक राहून पोट लहान पडते. सगळी मापे सारखीच मागे असतील तर तारखेवर अधिक संशय घ्यावा, पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नये. दुसरी गोष्ट गर्भजल आणि डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. नाळेतील रक्तवाहिनीत हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या वेळातही रक्त पुढे सरकत राहिले पाहिजे. ते त्या वेळात थांबले किंवा उलटे फिरले, तर ती धोक्याची खूण आहे आणि अशा बाईला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. तिसरी गोष्ट काळ. किमान दोन आठवडे थांबून पुन्हा मापे घ्यायची, कारण चुकीच्या तारखेचे बाळ त्या दोन आठवड्यांत दोन आठवड्यांइतके वाढते आणि खुंटलेले बाळ वाढत नाही. तुमच्या सिस्टरबाईंचा तर्क बरोबर होता, पण त्याला पक्केपणा आला तो या दुसऱ्या तपासणीने.

एक गोष्ट कळकळीने सांगते. प्रत्येक नव्या रिपोर्टवर बाळंतपणाची नवी तारीख छापून येते आणि घरचे लोक जुनी खोडून नवी लिहितात. तसे करू नये. सर्वांत आधीच्या सोनोग्राफीने पक्की झालेली तारीख शेवटपर्यंत तीच राहते. तिला धरूनच बाळ पुढे आहे की मागे हे कळते, तीच हलवली तर मोजायचे कशाशी?

लाल_वही

सूतिका मॅडम, तुमचे लिहिणे वाचून जुने दिवस आठवले. मी बुलढाणा जिल्ह्यात एकतीस वर्षे आरोग्यसेविका होते आणि आता निवृत्त आहे.

मास्तर, तुमच्या सुनेने तारीख श्रावणावरून सांगितली यात तिचा काही दोष नाही. आमच्या बाया पाळी कॅलेंडरवरून लक्षात ठेवत नाहीत, सणावरून ठेवतात. ‘पोळा झाला आन् दुसऱ्या दिवशी’, ‘आखाजीले पानी भरत होती तवा’, ‘भुलाबाई बसल्या त्या हप्त्यात’, अशी उत्तरे मी हजारो वेळा ऐकली आहेत आणि ती पुष्कळदा इंग्रजी तारखेपेक्षा भरवशाची असतात. सण आठवताना बाईला त्या दिवशीची कामे, कोणते लुगडे नेसली, देवघरात गेली की नाही हे सर्व आठवते. चूक होते ती सणाची तारीख करताना. अंगणवाडीतल्या भिंतीवर मागच्या वर्षीचे कॅलेंडर असते आणि कोणी घाईत त्याच्यावरून तारीख उतरवते. पोळा २०२२ मध्ये २६ ऑगस्टला होता आणि २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला. कॅलेंडर चुकले की एकोणीस दिवस गेले.

मी नोंदवहीत सण आणि तारीख दोन्ही लिहायची. सण तिच्या शब्दांत, तारीख माझ्या. पुढे शंका आली तर तिचे शब्द तिथे जसेच्या तसे सापडायचे.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. दिवस गेल्याचे तीन महिने होईपर्यंत बाहेर सांगायचे नाही, दृष्ट लागते, अशी पद्धत अजूनही आहे. ज्या बाईचे आधी एखादे पडले असेल ती तर चौथ्या महिन्यापर्यंत ओठ उघडत नाही. मॅडम म्हणतात ती तपासणी नेमकी याच मुक्या दिवसांत करायची असते. मी अशा बाईला घरी जाऊन सांगायची की कोणाला सांगू नको, फक्त मला सांग, नोंद माझ्या वहीत राहील आणि तुझ्या सासूलाही मी बोलणार नाही. निम्म्याहून अधिक जणी ऐकायच्या.

अजून एक लहानसे सांगते, कारण यात बायांचे फार हाल होतात. ‘पाणी पिऊन या, लघवी रोखून ठेवा’ असे सांगितलेले असते. बाई सकाळी सहाच्या एसटीत बसण्याआधीच तांब्याभर पाणी पिते, गाडी खड्ड्यांतून दीड तास जाते, केंद्रावर तिच्यापुढे तीस जणी असतात आणि तिथले संडास कुलूपबंद असते. मग ती कुठेतरी भिंतीआड जाऊन येते आणि नंबर लागल्यावर ‘मूत्राशय भरलेले नाही’ म्हणून परत बाकावर बसवली जाते. पाणी केंद्रावर पोहोचल्यानंतर, नंबर कितवा ते पाहून प्यावे. आणि भरलेले मूत्राशय मुख्यतः पहिल्या महिन्यांत उपयोगी असते, सातव्या-आठव्या महिन्याच्या बाईला त्याची गरज सहसा नसते. हे तिला आधी कोणीतरी सांगितले पाहिजे.

वैनगंगेपलीकडे

मी गडचिरोली जिल्ह्यातून लिहीत आहे. आपली चर्चा वेळेविषयी आहे, पण सोनोग्राफीत काय दिसत नाही हेही इथे नोंदले जावे.

माझ्या आणि पत्नीच्या रक्तात सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा गुण आहे, आम्ही दोघेही वाहक आहोत. हे आम्हाला पहिला मुलगा दीड वर्षाचा झाल्यावर कळले, जेव्हा त्याच्या हातापायांची बोटे सुजून तो रात्रभर रडत असे. गरोदरपणात चार सोनोग्राफी झाल्या होत्या आणि चारही रिपोर्ट चांगले होते. ते कागद मी अजून ठेवले आहेत. आम्ही समजत होतो की रिपोर्ट चांगला म्हणजे बाळ सर्व बाजूंनी निरोगी. डॉक्टरांनी नंतर समजावले की सोनोग्राफीत अवयवाचा आकार दिसतो, रक्तातला दोष दिसत नाही.

सूतिका मॅडम, दुसऱ्या वेळी काय करता येते ते आपण लिहिलेत तर आमच्या भागातील अनेक जोडप्यांना उपयोग होईल.

सूतिका

दादा, तुम्ही हे इथे मांडलेत ते फार महत्त्वाचे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांत मी प्रत्येक गरोदर बाईची सिकलसेलची रक्ततपासणी पहिल्या सोनोग्राफीइतकीच अनिवार्य मानते. आई वाहक निघाली की त्याच आठवड्यात बापाची तपासणी करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, मग आधीचे मूल निरोगी असो वा नसो.

अशा जोडप्याला अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा काढून तपासता येतो. ही सोय मोठ्या केंद्रांतच असते. सुई कुठून आत न्यायची आणि बाळापासून किती दूर ठेवायची हे सोनोग्राफीवर पाहूनच ठरते. म्हणजे यंत्राला रक्तातला दोष दिसत नसला तरी तो शोधणाऱ्या हाताला वाट तेच दाखवते. इथेही पुन्हा वेळेचाच प्रश्न येतो, कारण पाचव्या महिन्यात प्रथमच आलेल्या जोडप्यासाठी हा मार्ग बंद झालेला असतो. आईलाच सिकलसेलचा आजार असेल तर बाळाची वाढ मंदावण्याचा धोका अधिक असतो आणि तिला शेवटच्या तीन महिन्यांत वाढीची सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करावी लागते.

अबोली_वर्धा

मी सहसा फक्त वाचते, आज लिहिते आहे.

माझी पहिली सोनोग्राफी सातव्या महिन्यात झाली. बाळाच्या कवटीचा वरचा भाग तयार झालेला नव्हता. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडून वळवला आणि थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत, तेव्हाच मला समजले. पुढचे मी लिहीत नाही. नंतर मला सांगण्यात आले की हा दोष बाराव्या-तेराव्या आठवड्यातही बहुधा दिसतो. त्या वेळी समजले असते तर दुःख झालेच असते, पण सात महिने पोटावर हात ठेवून जे बोलले ते बोलले नसते.

दुसऱ्या वेळी दिवस राहण्याच्या आधीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिडची मोठ्या मात्रेची गोळी सुरू केली. बारा आठवड्यांना एक आणि एकोणीस आठवड्यांना एक अशा दोन सोनोग्राफी केल्या. मुलगा आता पहिलीत आहे.

सूतिका

ताई, तुम्ही लिहिलेत हे उपकारच आहेत. इतर बहिणींसाठी दोन वाक्ये जोडते. मेंदू आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे पुष्कळ जणींना पाळी चुकल्याचे नीट लक्षात येईपर्यंत ते काम झालेलेही असते, म्हणून ती गोळी लग्नानंतर मूल हवे असे ठरताच सुरू करायची असते. आणि अठरा ते वीस आठवड्यांची तपासणी, ज्यात मेंदू, मणका, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडे, हातपाय सर्व क्रमाने पाहतात, ती त्या वेळेतच व्हावी यामागे कायद्याचेही कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताला परवानगी आहे आणि त्यापुढे, आईचा जीव वाचवण्याची तातडी सोडता, बाळात गंभीर दोष असेल तरच, तेही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने. विसाव्या आठवड्यात दोष कळला तर कुटुंबाला दुसरे मत घ्यायला, विचार करायला, रडायला वेळ मिळतो. सव्विसाव्यात तो मिळत नाही.

सातपुड्याच्या_कुशीत

मेळघाटातील आमच्या गावातून सोनोग्राफीला जायचे म्हणजे पूर्ण दिवस जातो आणि दोघांची मजुरी बुडते. आता ही यंत्रे लॅपटॉपएवढी झाली आहेत, मग ती उपकेंद्रात का आणत नाहीत? शिवाय केंद्रावर आधार कार्ड मागतात, मुले किती, मुली किती ते विचारतात, सह्या घेतात. आमच्या बाया त्यालाच घाबरतात. आणि वारंवार सोनोग्राफी केल्याने बाळाला किरणांचा त्रास होतो असेही गावात म्हणतात.

सूतिका

भाऊ, किरणांचे आधी सांगते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, फक्त ध्वनी असतो. तो सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपनांचा असल्याने कानाला ऐकू येत नाही. तो शरीरातून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, वाटेत अवयवांच्या सीमेवर आदळून परततो आणि परतायला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढते. ग्लासगोचे इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ही पद्धत वैद्यकीय जगापुढे मांडली, आणि तिची प्रेरणा कारखान्यात धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राची होती. इतक्या वर्षांच्या वापरात नेहमीच्या तपासणीने बाळाला अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही कारण नसताना, केवळ हौसेखातर ती करू नये, आणि पहिल्या तीन महिन्यांत डॉपलर जपूनच वापरावे.

कागदपत्रांचे कारण आपल्या सर्वांच्या माहितीचे आणि लाजेचे आहे. गर्भलिंग तपासणीवर १९८८ मध्ये सर्वप्रथम महाराष्ट्राने बंदी घातली, १९९४ मध्ये देशाचा कायदा झाला, आणि त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफीचा ‘फॉर्म एफ’ भरावाच लागतो. मुलेमुली किती हा प्रश्न त्या फॉर्ममध्येच आहे. सही आहे ती बाळाचे लिंग जाणून घ्यायचे नाही या कबुलीची. फिरत्या यंत्रावरील बंधनेही याच कायद्याच्या नियमांत आहेत: ते नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात किंवा इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. मला स्वतःला हे बंधन योग्य वाटते, जरी त्याची किंमत तुमच्या गावच्या बाईला दिवसभराच्या मजुरीने मोजावी लागते. यंत्र गावात जात नसेल तर बाईला यंत्रापर्यंत नेण्याची जबाबदारी सरकारची आहे. सरकारी रुग्णालयात गरोदर बाईला सोनोग्राफी मोफत आहे, १०२ क्रमांकाची गाडी आहे, दर महिन्याच्या ९ तारखेला तज्ज्ञांकडून तपासणीचा दिवस आहे. मात्र ९ तारखेचा तो दिवस मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांसाठी आखलेला आहे, आणि इथे ज्या पहिल्या तपासणीविषयी आपण बोलतो आहोत तिची आठवण करून देणारा असा कोणताही ठरलेला दिवस नाही. ही उणीव मला रोज जाणवते.

लाल_वही

मॅडमनी उणीव बरोबर दाखवली. सोनोग्राफी मिळेपर्यंत गावात हाताशी काय आहे तेही सांगते. शिंप्याची टेप. चोविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात गर्भाशयाची उंची सेंटिमीटरमध्ये जितकी, तितकेच साधारण आठवडे. तीस आठवड्यांना सव्वीसच सेंटिमीटर भरले तर सोनोग्राफीची वाट पाहू नये, त्या बाईला लगेच पुढे पाठवावे. पण इथेही आठवडे बरोबर माहीत असतील तरच टेप कामाची.

कोरडवाहू_मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. अबोलीताई, तुमचे लिहिणे मी घरात वाचून दाखवले. माझी वहिनी, म्हणजे त्या मुलीची सासू, जिने तेव्हा पपईवरून बोल लावला होता, ती बराच वेळ ओट्यावर बसून राहिली आणि नंतर नातीला मांडीवर घेऊन सुनेला म्हणाली, ‘पुढच्या वेळी दिवस चढले की मलेच पहिले सांग, मी घेऊन जातो तुले.’

लाल_वही ताई, तुमची सण आणि तारीख दोन्ही लिहिण्याची पद्धत मी आमच्या आशाताईंना दाखवली. त्यांनी त्याच दिवशी वहीत तसा रकाना आखला. पंचांगात पाहिले तर पुढचा अधिक महिना ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून २०२६. त्या पानावर त्यांनी आत्ताच लाल शाईने लिहून ठेवले आहे: ‘ज्येष्ठ सांगितला तर विचारावे, वटपौर्णिमेचा की त्याच्या आधीचा.’